गोजरबाईची दस्ती

सेनगावच्या अलीकडं फाट्यावर लाल गाडी दिसली की आधी धूळ यायची, मग गाडी आणि दोघींच्याही आधी गोजरबाई! गाडी पुरती थांबायच्या आत ती खिडकीखाली हजर. कमरेची दस्ती काढायची, टाचा उचलून खिडकीतून आत सीटवर फेकायची आणि मग मालकिणीसारखं सावकाश दारातून चढायचं. दस्ती म्हणजे काही खास नाही हो, नवऱ्याचा, रामकिशनचा, जुना रुमाल, हळदीचे हात पुसून पुसून पिवळा पडलेला. पण तो सीटवर पडला की विषय संपला. एकदा एका इस्त्रीच्या पँटवाल्या साहेबानं तो उचलून बाजूला ठेवला आणि बसला. गोजरबाई सरळ त्याच्या मांडीवर बसायला लागली! साहेब हिंगोलीपर्यंत उभा.

बाळंतीण असो, म्हातारी असो, तापानं फणफणलेलं लेकरू असो, गावात कुणाला बाहेर जायचं असलं की जागा धरायला गोजरबाई. स्वतः बऱ्याचदा उभीच. तिची एकुलती एक पोरगी प्रतिक्षा हिंगोलीला कॉलेजला जायची, तेव्हा ही रोज सकाळी फाट्यावर यायची, दस्ती टाकायची, पोरीला बसवायची, दस्ती परत कमरेला खोचायची आणि खुरपं घेऊन शेतात जायची. रोज! पोरीनं एक दिवस उभ्यानं प्रवास केला नाही.

आता तीच प्रतिक्षा तिकडं नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, कोचीला, बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण खरं माहेरचं, पण डॉक्टर म्हणाला प्रवास करायचा नाही, आणि त्यात लेकरू तारखेच्या आधीच आलं. इकडं गोजरबाई डिंकाचे लाडू वळत बसली आणि तिकडं विहीणबाई, वसमतच्या जिवनबाई, रेल्वेनं पोचल्यासुद्धा! वरून फोन.

"आमी हाव की हितं, ताई. दवाखान्यात एकाच बाईला बसू देतेत पेशंटपाशी. तुमी काहून तकलीफ घेता?"

एकाच बाईला. म्हणजे सीट एकच, आणि ती विहिणीनं धरली! गोजरबाईला जेवण गेलं नाही. आयुष्यभर साऱ्या गावाच्या जागा धरल्या आणि आपल्या लेकीच्या उशापाशी दुसरीच बसली.

"मी इमानानं जाते," ती म्हणाली.

"इमानात दस्ती टाकता येत न्हाई म्हनं," रामकिशन हसला.

"तुमी गप बसा."

सोबत पुतणी निता, हिंगोलीच्या कॉलेजातली, मोबाइलमधून तोंड न काढणारी. नांदेडला विमानात बसायचं, हैदराबादला उतरायचं आणि तिथून दुसरं विमान. नांदेडला बस विमानापाशी थांबली तशी गोजरबाई पळतच सुटली. खिडक्या बघितल्या. एकही उघडी नाही! नितानं मागून ओरडून सांगितलं, "काकू, पळू नका, नंबर हाय आपला!" तिला ते काही पटलं नाही. नंबर काय, नंबर तर एसटीच्या सीटवर पण असतो.

हैदराबादला पुढचं विमान दुपारी होतं. निताची चुळबुळ सुरू झाली.

"काकू, बाहेर नवीन मॉल झालाय, एकदम जवळ. चला ना, सगळ्या पोरी फोटो टाकून राहिल्या."

"आन इमान गेलं मंजी?"

"बख्खळ टाइम हाय!"

गेल्या. मॉल म्हणजे काय विचारू नका, फरशीत तोंड दिसतं आणि आत थंडीनं अंगावर काटा. सरकत्या जिन्यापाशी गोजरबाई खूप वेळ थांबली, मग चालत्या गाडीत चढावं तशी उडी मारून चढली आणि वर जाऊन तशीच उडी मारून उतरली. "ह्यो जिना बरा हाय," ती म्हणाली, "निस्ता कंडक्टर न्हाई." पण बाकी सगळीकडं तिचा चेहरा पडलेला. काचा, बाहुल्या, साड्या, कुठं लक्षच नाही. मनात तो एकच पलंग आणि पलंगापाशी जिवनबाई.

सगळ्यात वर खाण्याचा मजला. आणि तिथं, बाप रे, ही गर्दी! ताटं हातात घेऊन माणसं खुर्च्यांसाठी फिरतायत. गोजरबाईचे डोळे चमकले. सकाळपासून पहिल्यांदा तिला कळणारी गोष्ट दिसली होती! एक कुटुंब उठायला लागलं तशी ती गर्दीतून अशी घुसली की निता बघतच राहिली. एका खुर्चीवर दस्ती, दुसऱ्या खुर्चीवर लाडवांची थैली.

"काकू, थैली तरी घ्या संगं."

"दोन शिटा धरायच्या तं दोन वस्तू लागतेत. चल, रांगेत थांबू."

डोशाची रांग हलेना. तेवढ्यात मागं गलका झाला, शिट्ट्या वाजल्या, गार्ड लोकांना उठवायला लागले. माणसं ताटं टाकून जिन्याकडं पळत सुटली. गोजरबाई खूश! "बघ निते, सगळे उठले. आता जागाच जागा!"

निताचा मात्र चेहरा पांढरा. लाल पट्टी बांधलेली, मधोमध त्यांच्याच दोन खुर्च्या. "काकू... आपल्या थैलीला बॉम्ब समजून राहिले."

"अगं माय, माझे लाडू!"

गोजरबाई पट्टीखालून आत! गार्ड ओरडले, दोघांनी तिला धरलं. एक मिशीवाला पोलीस साहेब कुत्रं घेऊन धावत आला.

"किसका है ये बैग?"

"मेराच हय! मैंने जागा धरी हय!"

"क्या धरे?"

"जागा, जागा! दस्ती नहीं दिखती क्या तुमको? दस्ती के ऊपर कोई बैठता क्या?"

साहेब थांबला. त्यानं त्या पिवळ्या रुमालाकडं बघितलं, मग गोजरबाईकडं. मिशी हलायला लागली. "दस्ती डाले, अम्मा? कुर्सी पे? हमारी अम्मी बी बस में ऐसाइच डालते थे!" पण लगेच तोंड सरळ करून म्हणाला, "फिर बी चेक तो करना पड़ता."

कुत्र्याला सोडलं. त्यानं थैली हुंगली आणि थैलीपुढं ठाण मांडून बसलं. कुत्रं बसलं म्हणजे काहीतरी सापडलं! साहेबानं सगळ्यांना मागं सारलं. एका जाड कपडे घातलेल्या माणसानं लांबून, हळूहळू थैलीतला डबा उघडला. साजूक तुपाचा वास सगळ्या मजल्यावर पसरला. कुत्रं शेपूट हलवत होतं, पण उठायचं नाव नाही. ओढलं तरी उठेना.

"त्यानं बी जागा धरली," गोजरबाई म्हणाली.

गार्ड हसायला लागले, पण निता रडत होती. विमानाची वेळ होत आली होती, आणि साहेब म्हणत होता लिहून घ्यायचं बाकी आहे. तेव्हा मात्र गोजरबाईनं हात जोडले. हिंदी विसरूनच गेली ती.

"साहेब, माझी पोरगी बाळंत झाली. तिच्यापाशी येकच जागा हाय आन ती दुसरीनं धरली. मला निस्तं पोचू द्या. उभी ऱ्हाते मी, कोपऱ्यात. पर पोचू द्या."

साहेबाला किती कळलं देव जाणे. पण त्यानं दस्ती उचलली, झटकली, नीट घडी करून तिच्या हातात दिली आणि दोघींना स्वतःच्या जीपमध्ये घातलं. विमानतळावर त्या दोघी जे पळाल्या! निता तरणीताठी, पण धापा टाकत मागं. लाल गाडीमागं पळालेले पाय होते ते, पुढंच राहिले.

कोचीला दवाखान्यात भेटायची वेळ होती. गोजरबाई दारातच थांबली. पलंगावर प्रतिक्षा, कुशीत गाठोड्याएवढं पोरगं. भिंतीला टेकून जिवनबाई उभ्या, तोंड एवढं फुगलेलं. आणि पलंगाजवळचं अरुंद बाकडं रिकामं. त्यावर प्रतिक्षाचा गुलाबी रुमाल.

"या!" जिवनबाई फणकारल्या. "सकाळपासून उभी हाव मी. जरा टेकाव म्हनलं की तुमची लेक म्हनती, दस्ती टाकली, दिसत न्हाई का!"

गोजरबाईनं तो गुलाबी रुमाल उचलला, आधी डोळे पुसले, मग नाक पुसलं आणि बाकड्यावर बसली. लेकीच्या केसांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग मागं वळून बघितलं आणि पलंगाकडं सरकली.

"या विहीणबाई, टेका."

"येकाचीच जागा हाय ती."

"सेनगावच्या गाडीत येवढ्यात तिघी बसतेत. सरका म्हनते ना!"

जिवनबाई बसल्या. अर्धं अंग बाहेर लोंबत होतं, पण बसल्या. आणि गोजरबाईनं लाडवांचा डबा उघडून पहिला लाडू त्यांच्याच हातावर ठेवला.