यमुनाचं नाक

यमुनाचं नाक गेलं एक्क्याण्णवच्या थंडीत, साध्या फ्लूने. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. आणि बाईची नोकरी नाकाचीच! लंडनमध्ये ईलिंगजवळच्या मसाल्याच्या कारखान्यात ती माल हुंगून पास करायची. मी शेजारी पाकिटं भरायचे.

कुबट, खवट, उग्र हे तिला जन्मापासून कळत होतं. साहेबासाठी तिने त्याचं इंग्रजी मस्टी, रॅन्सिड, पंजंट पाठ केलं. नुसत्या वासालाही किती शब्द: सेंट फुलाला, अरोमा कॉफीला, ओडर कौन्सिलकडच्या तक्रारीत, आणि आपल्या जिन्यात फोडणीचा येतो तो मात्र नुसता स्मेल. एवढे शब्द या गोऱ्यांनी नाक मुरडायलाच केलेत की काय, असं मी म्हणायचे.

आता शब्द तेवढे उरले. घरी तिने हिंग हुंगला, कापूर हुंगला, तव्यावर मिरच्या जाळल्या. डोळ्यांना धार लागली, नाक ढिम्म. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही.

"सुप्रभा, माल खराब असला तर मला खूण कर गं," ती हात धरून म्हणाली. मी करत राहिले. एकदा मी आजारी पडले आणि तिने दमट धने "फ्रेश अरोमा" म्हणून सोडले. सुपरवायझर गिरीशने पोतं उघडलं, तर आत बुरशी. "यमुनाताई, तुम्हाला वासच येत नाहीये का?" त्याने विचारलं. नोकरी त्याच दिवशी सुटली.

तिला नोकरीचं एवढं नव्हतं. लेकीला, आशाला, दिवस भरत आले होते. नातवंड हातात आलं की आजीने टाळू हुंगायची, ही तिच्या घरची रीत. तेवढ्यापुरता तरी वास दे, म्हणून ती रोज देवापुढे रडायची. मला त्या देवाचाच राग यायचा.

मुलगा झाला. हॉस्पिटलमध्ये यमुनाने त्याला उचललं, टाळूला नाक लावलं आणि कितीतरी वेळ श्वास ओढत राहिली. मग मान वर केली. मी समजले.

"आशा, मला नाही येत गं. तू हुंग आणि मला सांग."

आशा इथेच जन्मलेली, तिची मराठी मोडकीतोडकी. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं. शब्द शोधता शोधता तिचेच डोळे भरले.

"I don't know, आई," ती म्हणाली. "बाळाची वास आहे... बाळाची."