जिनिंगमधला एक तास आधी वाजलेला भोंगा

अमानवीय वगैरे गोष्टी मी करमणूक म्हणूनच वाचते. कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात इतकी वर्षं गेली, की बिघाड म्हटला की त्याला कारण असतंच, हे माझं ठाम मत आहे. आजही आहे. फक्त हा एक प्रसंग त्यात बसत नाही...

नांदुऱ्यात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. बीटी कापसाचे दिवस. त्या साली भाव पडले म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. त्यामुळे वडनेर भोलजीकडचं सलीमचाचांचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, मार्चअखेरीलाही जोरात चालू होतं. ऑफिसातला कॉम्प्युटर त्यांच्या भाच्याने लंडनहून आणलेला. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा त्यावरूनच आपोआप वाजायचा – ती सोय मीच करून दिली होती.

एका सोमवारी चाचांचा फोन. "बेटा, घड्याळ एक घंटा पुढं पळून राह्यलं!"

मी जाऊन पाहिलं आणि हसलेच. "चाचा, याच्यात वेळ आपली लावलीय, पण सेटिंग अजून लंडनचीच आहे. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. यानं आपलं आपणच केलं."

"आन् आपल्याकडं?"

"आपल्याकडे तसलं काही नसतंच."

भारताची सेटिंग टाकली, वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवली, बंद करून पुन्हा चालू केला. एकदम ओके.

गुरुवारी प्रिंटर बघायला पुन्हा गेले. सवयीने आधी वेळ पाहिली – बरोबर होती. प्रिंटर उघडून बसले, आणि अचानक भोंगा वाजला. स्क्रीनवर पाहते तर घड्याळ एक तास पुढे! सेटिंग भारताचीच...

मशिनी थांबल्या. कापूस टाकणाऱ्या बाया बाहेर आल्या. चाचा दारातून ओरडले, "अवो शेवंताबाई, टाइम नाही झाला! अंदर चला!"

शेवंताबाई त्या बायांची म्होरकी. नळावर हात धूत म्हणाली, "भोंगा वाजला ना चाचा? बायायनं डबे सोडले. आता जेवूनच येतो."

"हे काय दुरुस्त केलं तू?" चाचा माझ्यावर चिडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बायांना आत पाठवायला स्वतः निघाले, तेवढ्यात शेडच्या पत्र्याखालून धूर आला. कापसातल्या खड्याने मशीनमध्ये ठिणगी उडून ती ढिगात आतल्या आत धुमसत असावी. बघता बघता अख्खा ढीग पेटला. काम करताना बाया त्याच ढिगाला टेकून बसायच्या, आणि शेडला दार एकच.

शेवंताबाईने ओल्या हातानेच एकेकीला नावाने हाक मारली. सगळ्या बाहेर होत्या. चाचा मातीतच खाली बसले.

आम्ही पाणी मारत असताना भोंगा पुन्हा वाजला – ऑफिसची विजेची लाइन वेगळी होती, ती चालूच राहिली. मी धावत जाऊन पाहिलं. जेवणाची खरी वेळ झाली होती, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ अगदी बरोबर होतं. कोणी हात लावला नव्हता. ऑफिसात माणूसच नव्हतं.

बॅटरी म्हणाल, तर ती गेल्यावर वेळ मागे पडते. व्हायरस म्हणाल, तर तोही तपासला. नंतर तो कॉम्प्युटर दुकानात आणून महिनाभर चालवला. एकदाही चुकला नाही.

शेवंताबाई बाजारात भेटली की अजून विचारते, "ताई, त्या दिवशी भोंगा कोणं वाजवला वो?"

गिऱ्हाइकाला उत्तर न देता मी कधी परत पाठवलेलं नाही. तिला मात्र दर वेळी एवढंच सांगते – "मले नाही माहीत, बाई."