पिएराबाईंचं तबक

ज्या व्हिडिओ गेममध्ये आमचं फ्लॉरेन्स आहे, तो तुम्ही खेळला असाल तर तुरेवाला तुम्हाला ठाऊक असणारच. लाल झगा, टोपीत पिसांचा तुरा, कमरेला तलवार. शहराला जुलमी सरदारांच्या तावडीतून सोडवणारा म्हणे. त्याच्या बापाचं, आजाचं, झालंच तर घोड्याचंसुद्धा नाव तुम्हाला पाठ असेल. पण देवळाच्या पायरीवरून हातात तबक घेऊन निघते त्या बाईचं नाव सांगा पाहू! नाही ना येत? रोज तिच्या अंगावर जाऊन आदळता, आणि नाव माहीत नाही.

तिचं नाव पिएरा. नवरा रंगारी होता, लोकर रंगवायचा. तो गेल्यावर तिची एकच मुलगी राहिली, दियानोरा, ती आर्नो नदीच्या पलीकडे दिलेली. ती दियानोरा बाळंत झाली आहे. आमच्याकडे लेक बाळंत झाली की आईने चित्रांचं लाकडी तबक घेऊन जायचं, वर कोंबडीचा गरम रस्सा, दोन गोड वड्या आणि धुतलेलं फडकं. ते तबक आईच्या हातून लेकीच्या हातात गेल्याशिवाय बाळंतपण पार पडलं असं कोणी मानत नाही. पिएराच्या तबकावर दोन गुबगुबीत मुलगे काढलेत, कारण आमचे चितारी दुसरं काही काढतच नाहीत.

देवळापासून पूल ओलांडून दियानोराचं घर, एवढीच वाट. पण पिएरा तिथे कधी म्हणजे कधी पोचली नव्हती. चौकात नाही तर पुलावर तुरेवाला धावत यायचा, धाडकन आदळायचा, आणि रस्सा दगडांवर. मग पिएराने ओरडायचं, "डोळे फुटले का रे मेल्या? माझी पोर तिकडे बाळंतीण आहे!" आणि कपाळावर हात मारून माघारी फिरायचं. ज्यांनी आम्हाला घडवलं त्यांनी तिला एवढंच दिलं. एक वाट, एक वाक्य आणि एक माघार. नातवंडाचं तोंड पाहायची सोय करायला विसरले!

चौकातल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे, हे मला जास्त लागतं. कारण आमच्या गावाची रीतच तशी. तुरेवाला कुठून तरी पडून मेला की उजेड जातो, आणि पुन्हा येतो तेव्हा सगळं पहिल्या जागी. फुटलेलं मडकं सांधलेलं, सांडलेला रस्सा वाडग्यात, तोही वाफाळता. फक्त झालेलं आम्ही विसरत नाही. त्यामुळे आमच्यात पडलेलं कोणी उचलत नाही. कशाला उचलायचं, येईलच आपोआप परत! चेस्टनट भाजणारा तादेओ तिला सुनवायचा, "मोना पिएरा, कशाला जीव जाळताय? रस्सा परत येतोय की." मोना म्हणजे आमच्याकडचं 'बाई', मान देऊन म्हणायचं ते. मान दिला की झालं, असं तादेओला वाटतं. रस्सा परत येत होता, तिची लेक तिकडे वाट बघत होती त्याचं काय?

एकदा तर कहर झाला. तुरेवाल्याला तिचं वाक्य गमतीचं वाटलं असावं. त्याने तिला ढकललं, ती ओरडली, माघारी वळली, तर पुढे जाऊन पुन्हा ढकललं. पुन्हा ओरडली. पुन्हा ढकललं. म्हाताऱ्या बाईचा गळा बसेस्तोवर तो तेच करत राहिला. अहो, तो नाही, तुम्हीच! बटणं कोण दाबत होतं? लाज नाही वाटत?

त्या दिवशी पिएराच्या डोक्यात तिडीक गेली. ती पायरीवर बसली आणि त्या माणसाला नीट न्याहाळू लागली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की शिपाई मागे लागले, धोक्याची घंटा वाजू लागली, की हा वाघ एकदम गरीब होतो. कुठे चार माणसं मिळून चालली असतील त्यांच्यात शिरतो, मान खाली घालतो आणि त्यांच्या चालीने चालू लागतो. आणि शिपायांना चार माणसं एकत्र दिसली की पाचवा दिसतच नाही. तुरा डोळ्यांत गेला तरी दिसणार नाही. तसेच घडवलेत बिचारे.

पिएराने धोबीण कोसाला गाठलं. कोसा तिची लहानपणची मैत्रीण, लगेच तयार झाली. फ्रा उबाल्दो म्हणून एक म्हातारे साधू कारंज्यापाशी जप करत असतात, त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले की बाळंतिणीचं काम आहे तर चला. राहिला तादेओ. भट्टी सोडून कसा येऊ, म्हणून तो कुरकुरू लागला, तेव्हा कोसाने त्याची सगळ्या बाजारासमोर अशी काही खरडपट्टी काढली की तो निमूट आला.

घंटा वाजली. चौघं पुलाच्या दिशेने निघाली, मधे जागा ठेवून. तुरेवाला धावत आला, आणि पिएराने ओळखलं होतं तसाच मुकाट्याने त्या जागेत शिरला. हात जोडून, खाली मान घालून, जसा काही देवभोळाच!

"हळू चाल," पिएरा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "रस्सा हिंदकळला तर शिपायांना हाक मारीन."

तो हळू चालला. सगळ्या शहराला पळवणारा माणूस एका म्हातारीच्या पावलाने चालला. पुलावर दुकानं मांडलेल्या खाटकांनी सुरे खाली ठेवून पाहिलं. पिएरा वाटभर त्याला हळू आवाजात झापत होती: तुझ्या आईने कधी तुला बाजूने जायला शिकवलं नाही का, तुझ्या अंगावर लोक फुलं टाकतात ती आमच्याच टोपल्यांतली, शहर वाचवतोस म्हणे, मग शहरात राहतं कोण?

पूल संपला, गल्ली आली. खिडकीत दियानोरा उभी होती. ती तिथे कायम उभी असते, आई अजून आली नाही असं म्हणत. तेवढंच वाक्य तिला दिलंय. आज तिने आईला येताना पाहिलं आणि ती खिडकीबाहेर वाकली.

आणि घंटा थांबली.

शिपाई परतले. तुरेवाल्याचं काम झालं. तो झटक्यात वळला, आणि दारापासून हातभर अंतरावर त्याचा खांदा पिएराला लागला. तबक पडलं, वाडगं फुटलं, रस्सा उंबऱ्यावर. ज्या बाईने सोबत घेऊन वाचवलं तिलाच, निघताना! माझं रक्त अजून उकळतं.

पिएराचे पाय माघारी वळू पाहत होते, ओरडा घशाशी आला होता. तिने तो गिळला. ती खाली बसली आणि खापऱ्या वेचू लागली. आमच्या गावात असं कोणी केलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. तादेओ बघतच राहिला, मग तोही वाकला, खापऱ्या वेचायला.

तुरेवाला परत आला. वाक्य ऐकू आलं नाही ना! त्याने तिला पुन्हा ढकललं. ती उठली नाही.

"नाही ओरडणार," ती म्हणाली. "तेवढंच ऐकायचंय ना तुला? ते आता मिळायचं नाही. जा."

तिने फडक्याने तबक पुसलं आणि दार वाजवलं. दियानोराने दार उघडलं. तिची नजर आधी तबकावरच्या दोन मुलग्यांवर गेली, आणि तिचा चेहरा उतरला.

"आई," ती म्हणाली, "मुलगी आहे गं."

"मग? उभी काय राहिलीस? आण इकडे."

पिएराने रिकामं तबक लेकीच्या हातात दिलं आणि नातीला घेतलं. कपाळावर जरासं जावळ होतं, उजवी मूठ घट्ट मिटलेली. ती मूठ उघडून तिने आपलं बोट आत सरकवलं, तोवर वाक्य न मिळाल्याने कंटाळलेला तुरेवाला घंटाघरावर चढला, उडी चुकला आणि मेला.

उजेड गेला. पिएरा पुन्हा देवळाच्या पायरीवर, हातात तबक, वर गरम रस्सा. ती उठली आणि चालू लागली. कोसा, साधूमहाराज आणि तादेओ न बोलावता तिच्याबरोबर निघाले. हल्ली तबक पडलं तरी ती ओरडत नाही, माघारी फिरत नाही. खाली बसते, वेचते आणि पुढे जाते. दियानोरा आता खिडकीत नसते, दारात असते, मुलीला कडेवर घेऊन.

तुमच्यापैकी काहींनी तक्रार केली आहे म्हणे. ती तबकवाली बिघडली, ढकललं तरी बोलत नाही, तिला दुरुस्त करा. पिएरा बिघडली? अहो, दुरुस्तच करायचं असेल तर त्या तुरेवाल्याला आधी चालायला शिकवा.