आत्याची सतरा लुगडी

आत्या गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत सतरा जुनी लुगडी निघाली आणि वर घडी केलेला एक कागद. तो मीच लिहिला होता, ती सांगेल तसा. ‘माझ्यामागे माझी लुगडी सरकारी दवाखान्यात द्यावीत, गरिबांच्या उघड्यावाघड्या बाळांसाठी.’ लिहिताना मला हसू आवरलं नव्हतं. मृत्युपत्र म्हणे!

आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा झाली, पोटी मूल नाही. आमच्या जळगावच्या घरात तिने आम्हा पाच भावंडांना न्हाऊमाखू घालून वाढवलं आणि ब्याऐंशी वर्षं जगली. लुगडं विरलं तरी टाकायची नाही. धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवायची.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकती शिक्षिका झाले होते आणि माझ्या अंगात शहाणपण मावत नव्हतं. वारलेल्या बाईची विटकी लुगडी बाळंतिणींपुढे ठेवायची? “आबा, लोक तोंडात शेण घालतील,” मी म्हटलं. आबांनी मान डोलावली. मग मी पगारातून नवं कोरं कापड आणलं, दुपटी शिवली आणि एका सकाळी वॉर्डात नेऊन वाटली. आत्याची इच्छा मी तिच्यापेक्षाही चांगली पुरी करतेय, अशा तोऱ्यात होते.

बायकांनी दुपटी कौतुकाने घेतली आणि उशाखाली ठेवून दिली. थंडीचे दिवस होते. दाराजवळच्या बाईचं बाळ तर तिच्या नवऱ्याच्या खरबरीत टॉवेलात कुरकुरत होतं. माझा पारा चढला. “अहो, दिलंय ते गुंडाळा ना बाळाला!”

ती हसली. “कोरं कपडं पोरले घालतस का, ताई? बारसं व्हऊ दे. जुनं, मऊ काही शे का?”

माझे कान तापले. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? आमच्या घरातलं एकेक बाळ बारशापर्यंत आत्याच्या जुनेरातच वाढलं होतं. मी चाचरत म्हटलं, “जुनी लुगडी आहेत. पण आमच्या आत्याची. ती गेल्याच महिन्यात वारली.” आता ही तोंड फिरवणार, असं मला वाटलं.

“कितला वरीसनी व्हती?”

“ब्याऐंशी.”

“मंग आन ना! मना पोरले बी तितलं आयुष्य लागू दे.”

मी घरी आले, ट्रंकेसमोर बसले आणि आत्या गेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडले. मग लुगडी फाडायला घेतली. ती इतकी मऊ झाली होती की कात्री लागलीच नाही. एक जांभळं तेवढं आठवण म्हणून बाजूला ठेवलं. सकाळी तेही फाडलं आणि सगळी दुपटी वॉर्डात देऊन आले. संध्याकाळी पुन्हा गेले तर ते टॉवेलातलं बाळ जांभळ्या दुपट्यात गाढ झोपलेलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्यापाशी उगीचच बसून राहिले.

आता मीही एक कागद लिहून ठेवलाय. माझ्यामागे माझ्या सुती साड्याही त्याच दवाखान्यात द्याव्यात, असा. सून म्हणते, “आई, ही साडी पार विरली, टाका आता.” मी म्हणते, ब्याऐंशीला अजून चार वर्षं आहेत, तोवर नेसते.