मेलेलं लाकूड

अर्धांगवायूनं बाबांचा उजवा हात गेला आणि बोलणं तुटक झालं. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांची खाट खिडकीशी होती. मे महिन्यात एका सकाळी मी पेज भरवत असताना ते म्हणाले, "बांबू व्हयो. सुंभ व्हया. नारळाची करटी." मग दम घेऊन, "आणि लाकूड. मेल्ला."

मी चमचा वाटीत आपटला. बांबू, सुंभ, नारळ, लाकडं हे सामान घरात एकत्र कधी येतं, ते लहान पोरालाही ठाऊक असतं. "अभद्र बोलू नका हां, बाबा!" मी ओरडले. राग माझ्या नाकावरच असतो. त्या दिवशी त्याच्याखाली भीती होती, पण ती मी कबूल केली नसती.

ते रोज मागत राहिले आणि मी रोज गप्प करत राहिले. शेजारच्या काकूंना सांगितलं, बाबांनी तिरडीची यादी लावलीय. त्या डोळे पुसत घरी गेल्या.

तीनेक आठवड्यांनी बाबा वैतागले. डावा हात करवत चालवावी तसा मागेपुढे करू लागले आणि तोंडानं किर्र किर्र आवाज काढला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गावाला गुरं राखताना काडेपेटी नसायची, तेव्हा ते असाच विस्तव करायचे. बांबूच्या धनुकलीला सुंभाची दोरी, दोरीचा वेढा काठीला, काठीच्या डोक्यावर दाबायला करवंटी. धनुकली ओढली की काठी खालच्या फळीवर गरगर फिरते आणि काळा भुगा धुमसायला लागतो. त्यावर काजू भाजायचे. लहानपणी मी "दाखवा ना" म्हणून मागे लागायचे. "गावाक गेल्यार," ते म्हणायचे. गावाला जाणं व्हायचं गणपतीत चार दिवस. दाखवायचं राहूनच गेलं.

त्यांना मरण नको होतं, विस्तव करून दाखवायचा होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग मी धावाधाव केली. मोडक्या खुर्चीचा सागवानी पाय आणला. लाकूड मऊ आहे का बघायला बाबांनी अंगठ्याचं नख दाबलं, खूण उठेना. "घट्ट." सोसायटीनं छाटलेल्या गुलमोहराची फांदी आणली. "जित्ता हा." शेवटी पंपाच्या खोलीमागे पांगाऱ्याची फांदी सापडली, झाडावरच मेलेली. पण तोवर पाऊस लागला होता आणि ती चिंब होती. साल निघालेल्या जागी त्यांनी नख दाबलं, ते छान रुतलं. बाबा अर्ध्या तोंडानं हसले. "ह्याच. पण सुकांदे गो. मगे तू ओढ, मी सांगतंय."

फांदी मी फ्रिजच्या मागे उबेला ठेवली. बाहेर झड लागलेली. ज्या आठवड्यांत मी त्यांना गप्प बसवत होते, तेव्हा कडकडीत ऊन होतं.

नवव्या दिवशी दुपारी बाबा गेले. शेजारचे काका काय काय आणायचं विचारायला आले. "बांबू," मी म्हणाले, "सुंभ, नारळ." आणि शेवटी बाबांसारखंच, "लाकूड."

"लाकडं नकोत गं," काका म्हणाले. "विजेची भट्टी आहे ना."

फांदी आता खडखडीत वाळलीय. काठी करायची तर ती तासायला हवी. तासली तर नखाची खूण जाईल, म्हणून मी तिला सुरी लावलेली नाही.