आवाज नसलेली रिक्षा

वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक असतं, हे महाडमध्ये कुणाला पटत नसे. माझ्या प्रयोगशाळेत त्याचे काळे, कोळशासारखे पापुद्रे तयार होत. बॅटरीच्या जोडीला ते बसवले, तर चढावर गाडीला लागणारी जादा वीज ते झटकन देतील, असं माझं गणित होतं. ते पडताळायला आम्ही एक जुनी रिक्षा घेतली, इंजिन काढून तिथं मोटर बसवली. चालवायला वीर स्टेशनवर रिक्षा चालवणारा एक जण मिळाला. दोन हजार सालाच्या आसपासची, पावसाळ्यातली गोष्ट.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या घाटात आम्ही दुपारचे जायचो. रिक्षाला आवाज जवळजवळ नव्हताच. धुक्यात खालच्या खाचरांतल्या बायकांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. आम्ही जवळून गेलो तरी त्यांना पत्ता नसे. एका दुपारी गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई आम्ही अगदी शेजारी पोचल्यावर अशी दचकली, की भारा टाकून बांधावरून पळत सुटली. तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्याच दुपारी, पुढच्या एका वळणावर, कठड्यावर एक म्हातारे बसलेले दिसले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, पायांत काही नाही. ते उठून समोर आले म्हणून रिक्षावाल्याने ब्रेक दाबला. काही न विचारता ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"चल," ते त्याला म्हणाले.

"कुठं जायचंय, बाबा?" मी विचारलं.

"तुला ठाव हाय."

"तुमचं घर कुठं आहे?"

"घर ऱ्हायलं मागं." रिक्षा पुन्हा चढू लागल्यावर ते आपणहून बोलले, "भाऊ मरताना बोलला व्हता. न्यायला गाडी येल, पन आवाज नाय करायची. तवापासून बसतोय हितं."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, उतरवूया यांना," तो म्हणाला.

माझी नजर मोटर किती वीज घेते ते दाखवणाऱ्या मीटरवर होती. चढ तोच, त्यात एक माणूस वाढलेला. मोटरला जास्त वीज लागणार, काटा वर जायला हवा होता. तो जागचा हलला नव्हता. मी काचेवर टिचकी मारली. तरी नाही. आणि शेजारी त्यांच्या ओल्या धोतराचा वास येत होता, गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

"असं रस्त्यात कुठं सोडणार? घरी पोचवू," मी म्हटलं. रस्त्याकडेला म्हशी राखणाऱ्या एकाने लांबूनच वाडीची वाट दाखवली. जवळ मात्र तो आला नाही.

अंगणात शिरलो तरी कोंबड्या हलल्या नाहीत. पडवीत त्यांची बायको तांदूळ निवडत बसली होती. मी हाक मारली तेव्हा तिने मान वर केली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग रिक्षाकडे, मग माझ्याकडे. मांडीवरचं सूप खाली पडलं.

"आजी, घाबरू नका. ही विजेवर चालते," म्हणत मी मोटर, बॅटरी समजावू लागले. तिने त्यातलं काही ऐकलं नाही. जवळ आली, माझं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"गरम हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "उतरा खाली. ही ती नव्हं."

एसटी चुकलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं. उतरता उतरता त्यांनी मला विचारलं, "मंग ती कवा येल?"

आजीच म्हणाली, "येल तवा येल. हातपाय धुवा, भाकरी खा." मग माझ्याकडे वळून, हळूच, "बाय, या रस्त्यानं परत येऊ नको गो. त्यांना रोज वाटल, आली म्हनून."

पोलादपूर येईपर्यंत रिक्षावाल्याने हॉर्नवरचा अंगठा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मीटर तपासला. बरोबर होता. प्रयोगशाळेजवळच्या चढावर सीटवर तांदळाची गोणी ठेवून पाहिलं. काटा लगेच चढला. ओलीने अडकला असेल, अशी मी समजूत करून घेतली.

पुढच्या चाचण्या आम्ही हिरकणीवाडीच्या रस्त्यावर घेतल्या. रिक्षावाल्याने बाजारातून बैलाच्या गळ्यातली घुंगरं आणली आणि मला न विचारताच सीटखाली बांधली. वळणावळणावर ती खुळखुळत राहायची. काढून टाक, असं मी त्याला कधी म्हटलं नाही.