लय मोठ्या वस्तूचा शब्द

त्या दिवशी घरात आम्ही चौघं होतो. मी, माहा पोरगा, सून आन सहावीतली नात. नातीले शाळेतून एक अवघड इंग्रजी शब्द देला होता. लयच मोठ्या वस्तूले लावतात म्हणे, पुस्तकातच भेटते. त्याच्यावर वाक्य लिवाचं होतं.

"आजी, तू पाह्यलेली सगळ्यात मोठी वस्तू सांग वं."

पोरगा म्हणे, "माय, कोराडीच्या वीजघराची चिमणी सांग न."

मी म्हनलं, "लग्नात वरण शिजवाचं मोठं पातेलं, गंज."

सून हासली. "गंज काय एवढा मोठा राह्यते?"

मंग सांगितलं. हा पोरगा रांगत होता तवा नवरा वारला. मी महाल भागात लग्नाचे भांडे घासाले जात होती. तो गंज आतून घासाले हात पुरे ना. आडवा करून, लुगडं खोचून मी आतच बसत होती, राख घेऊन. बाहेर बँड वाजे, पण आत मले माह्याच हाताचा आवाज ये.

नातीनं गंजच लिवला. तो शब्द तिनं माह्याकडून तीनदा म्हणून घेतला.

आता ते तिघं पुण्याले राह्यतात. फोनवर नात "जेवली का आजी?" पुसते आन चूप होते. तो शब्द म्हनला तर बोलन ती. पण मी इसरली. तिलेच पुसाले भेव वाटते, ती म्हणन, आजी सारंच भुलून राहिली.

वाचणाऱ्याले इंग्रजी येत असन, तर तो शब्द मराठी अक्षरात लिवून द्या. रविवारी तिचा फोन येते.